शुक्रवारचा कागद

कारा-बुलुंग गावच्या बाजारामागे गहाणाचं दुकान आहे, तिथे मी सोनं कसाला लावतो. आधी साखर कारखान्यात घड्याळं आणि वजनमापं दुरुस्त करायचो. कारखाना बंद पडला तेव्हा दुकानाचा मालक कादिरकुल म्हणाला, "ओरमोन, तुझे डोळे अजून चांगले आहेत, ये." काचेच्या आतल्या बाजूला दोन खुर्च्या आहेत. एक माझी. दुसरीवर नऊ वर्षं बुरुल बसायची. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला एजे म्हणायचो, म्हणजे ताई. सगळं गावच तिला एजे म्हणायचं.

त्याआधी बावीस वर्षं ती प्रसूतिगृहात जन्मनोंदी लिहायची. तिशीच्या आतलं गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या वहीतून जगात आलेलं. गिऱ्हाइकानं पासपोर्ट पुढे सरकवला की तारीख बघून ती म्हणायची, "तू तो पायाळू ना रे? दोन दिवस छळलंस आईला. आता तिची अंगठी घेऊन आलास होय?" गिऱ्हाईक ओशाळं व्हायचं. काही जण अंगठी परत खिशात घालून निघूनही जायचे आणि कादिरकुल कपाळाला हात लावायचा.

तिचा नवरा घाटात ट्रक उलटून गेला. मुलगी रशियात, कपडे शिवायच्या कारखान्यात. घरी ती, तिची त्र्याऐंशी वर्षांची सासू कालिचा आपा, आणि मोइनोक नावाचं पांढऱ्या गळ्याचं कुत्रं. आपाला ऐकू जवळजवळ येतच नव्हतं, पण बोलायची मात्र दिवसभर.

त्या वर्षी वसंतात गावात चोऱ्या फार वाढल्या. आधी गटाराची झाकणं, मग तांब्याच्या तारा, मग फोन, मग बायकांचं सोनं. सगळा माल जुन्या बाजारात नाहीतर आमच्यासारख्या दुकानांत जायचा आणि कुणी काही विचारत नसे. मग जिल्ह्याचा हुकूम आला. पासपोर्टशिवाय काही घ्यायचं नाही. नाव, पत्ता, वस्तूच्या खुणा, सगळं नोंदवहीत. विकायचा माल दहा दिवस हलवायचा नाही. गहाण टाकलेली वस्तू कुणी सोडवून नेली तरी तेवढीच नोंद. आणि आठवड्याच्या नोंदींची नक्कल दर शुक्रवारी पोलीस ठाण्यात.

कादिरकुल चिडला. "आता गिऱ्हाइकाच्या आजीचा रक्तगटही लिहू का?"

"विचारला तर लिहीन," एजे म्हणाली आणि कार्बन कागद आणायला गेली.

बाकीची दुकानं लिहायची, 'अंगठी, पिवळी.' एजे लिहायची, 'अंगठी, स्त्रीची, लाल खडा, खड्याची एक नखी मोडलेली, आतल्या बाजूला खरवडलेलं अक्षर, बहुधा स.' गिऱ्हाईक ताटकळायचं, एजे भिंग मागायची. मे महिन्यात शाळेतल्या बाईंची चोरीला गेलेली बांगडी अशाच एका ओळीवरून सापडली. बाई दुकानात येऊन एजेच्या गळ्यात पडून रडल्या. त्या दिवशी एजेनं सगळ्यांना घरचे बोरसोक वाटले, पिठाचे तळलेले गोळे, अजून गरम.

नक्कल न्यायला ठाण्यातून कॅप्टन कुबात यायचा. शिपाई पाठवता आला असता, पण तो स्वतः यायचा. एकोणतीस वर्षांचा, गोरा, शांत. खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. एजेच्या पुढ्यात मूठभर ठेवायचा.

"तीन किलो आठशे," एजे म्हणायची. "कॅप्टन झालास तरी माझ्या वहीत तू तीन किलो आठशेच."

"एजे, हळू हो," तो हसायचा. "तुमचं अक्षर बघितलं की जीव सुखावतो. बाकीच्या दुकानांचे कागद मी तसेच फायलीला लावतो. तुमचा मात्र घरी नेऊन वाचतो."

एजेला ते फार आवडलं होतं. मला पण काही वावगं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये पाव विकणाऱ्या सायराकुलच्या घरी चोरी झाली. भर दुपारी. ती बाजारात, नवरा शेतावर. कुलूप न तोडता आत शिरलेले, कपाट नाही उचकटलं, टीव्हीला हात नाही, फक्त पिठाच्या डब्यात लपवलेली सोन्याची कानातली गेली. आदल्या दिवशी तिचं कुत्रं मेलं होतं. कुणी त्याचा विचार केला नाही, कुत्री मरतात.

दहा दिवसांनी वेल्डर तोलोगोनच्या घरी तसंच. आधी कुत्रं, मग सोन्याची साखळी. सप्टेंबरात दवाखान्यातल्या एका परिचारिकेकडे, मग स्टेशनाजवळ, मग गिरणीमागे. सहावं घर झालं तेव्हा लोक कुत्र्यांना घरात झोपवायला लागले. चोराला सोन्याचा वास येतो म्हणायचे. आणि गंमत अशी, की गेलेली एकही वस्तू कुठल्याच दुकानात आली नाही. आमच्या वहीला त्या चोरापर्यंत पोचताच येईना.

एक दिवस सायराकुल दुकानात आली. दुकानात चार माणसं होती. ती काचेला तोंड लावून म्हणाली, "एजे, कानातली मी चोरीच्या आधीच्या बुधवारी सोडवली. लेकीच्या लग्नात घालायला. नवऱ्याला सांगितलं नाही, त्यानं परत इथंच आणून टाकली असती. आईला सांगितलं नाही. मग कुणाला ठाऊक होतं? तुला. आणि ह्या ओरमोनला."

"सायराकुल, तोंड सांभाळ," मी म्हणालो.

"माझं तोंड सांभाळून काय करू, कान तर मोकळे झाले!"

सायराकुल गेल्यावर चारही माणसं एकेक करून बाहेर पडली.

त्यानंतर गाव बदललं. बाजारात एजे कुरुत घ्यायला गेली, तर विकणारी बाई सुक्या दह्याच्या गोळ्यांनी भरलेलं पोतं पुढ्यात ठेवून म्हणाली, "संपलं." आमच्या काचेवर कुणीतरी साबणानं 'चोर' लिहून ठेवलं. कादिरकुलनं ते पुसलं, दुसऱ्या सकाळी परत होतं. मी घरी जाताना पोरंसोरं गप्प व्हायची. बायकोनं मला विचारलं, "खरं सांग, तू काही केलं नाहीस ना?" वीस वर्षांचा संसार, आणि हा प्रश्न.

एका दुपारी जेवणाच्या वेळी एजेनं दार लावून घेतलं. नोंदवही उघडून तिनं सहा घरांची सहा पानं काढली. बोट ठेवून ठेवून वाचत राहिली. चहा गार झाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ओरमोन, तोलोगोननं साखळी कधी सोडवली, आठवतं?"

"नाही बुवा."

"सायराकुलचं घर कुठल्या गल्लीत?"

"मला काय माहीत? काय झालं?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला घाम फुटला. मग "काही नाही" म्हणून वही मिटली.

पुढचा शुक्रवार आला. ऑक्टोबर लागला होता, दुकानात शेगडी पेटवली होती. कुबात आला, बिया ठेवल्या, उभ्या उभ्या कागद वाचू लागला. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"कालिचा आपा? ही तुमची सासू ना, एजे? सोन्याच्या दोन बांगड्या, कानातली जोडी... आपानं गहाण टाकलं होतं? मी कधी वाचलं नाही ते."

मी चमकलो. आपाची कुठलीच वस्तू आमच्याकडे कधी आली नव्हती. आली असती तर कस मीच बघितला असता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काचेखाली एजेनं माझ्या पायावर पाय दिला. टाच रोवून.

"हुकमाच्या आधीचं आहे," ती शांतपणे म्हणाली. "मीच ठेवलं होतं, मुलीच्या तिकिटासाठी. आता म्हातारीनं हट्ट धरला. म्हणे मरायच्या आधी एकदा अंगावर घालू दे."

"बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांचं ऐकावं." त्यानं एक बी दातात फोडली. "दिवसभर एकटीच असते ना घरी?"

"एकटीच. मंगळवारी फक्त माझी भाची तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. दुपारपर्यंत कुणी नसतं."

"बरं," कुबात म्हणाला. एरवी तो कागद बॅगेत टाकायचा. त्या दिवशी त्यानं चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला.

तो गेल्यावर एजेनं माझ्या पायावरचा पाय काढला. तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"नोंदवहीत ही ओळ नाहीये," ती म्हणाली. "वहीच्या पानाऐवजी कोरा कागद ठेवला आणि त्याच्यावर लिहिलं. कार्बनखाली उमटलं ते फक्त त्याच्या कागदावर. वही तू बघतोस, कादिरकुल बघतो. हा कागद त्याच्याशिवाय कुणी बघत नाही."

मला कळायला वेळ लागला. "म्हणजे मी... माझ्यावर पण..."

"हो. तुझ्यावर पण. तीन दिवस." तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "सगळ्यांची वस्तू सोडवल्यापासून आठवड्याच्या आत गेली रे. सहाच्या सहा. त्यांच्या घरांचे पत्ते मी लिहिलेत, ओरमोन. गल्ली, घर नंबर, निळं फाटक की हिरवं. माझ्याच अक्षरात."

"आणि तो नसला तर?"

"तर त्याची माफी मागीन, पाया पडून. नसू दे तोच. मी त्याला दुपट्यात गुंडाळलेला बघितलाय." थोडं थांबून म्हणाली, "एकतीस वर्षं झाली लिहितेय. एक ओळ खोटी नव्हती."

सोमवारी सकाळी सातला तिचा फोन आला. "मोइनोक गेला," एवढंच म्हणाली.

कुत्रं नळाजवळ पडलेलं, तोंडाला फेस. मी गेलो तेव्हा कालिचा आपा त्याच्यावर जुनी गोधडी घालत होती आणि मोठमोठ्यानं शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना शिव्या देत होती. तिला वाटलं त्यानं काहीतरी सडकं खाल्लं.

ठाण्यात सांगायची सोय नव्हती. एजेनं लुटलेल्यांपैकी दोघांनाच बोलावलं, तोलोगोनला आणि सायराकुलला. तोलोगोन हातगाडीएवढा रुंद माणूस. सायराकुल येताना भट्टीतून पाव काढायचा लोखंडी आकडा घेऊन आली. मला बघून म्हणाली, "तू पण आहेस होय? बरं झालं, चुकलंच असेल माझं तर इथंच कळेल."

मंगळवारी नऊ वाजता भाचीनं आपाला नेलं. आम्ही चौघं मागच्या खोलीत गोधड्यांच्या चळतीआड बसलो. दार बोटभर उघडं. स्वयंपाकघर आणि अंगणाचं दार तेवढं दिसत होतं. तोलोगोनच्या पोटात गुरगुरायचं, तेवढाच आवाज.

साडेदहाला फाटक वाजलं. दार उघडलं आणि आत आली ती कालिचा आपा.

डॉक्टर आलाच नव्हता. भाचीनं तिला फाटकात सोडलं आणि ती कामावर निघून गेली. आपा स्टुलावर बसली, बूट काढले आणि डॉक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. एजे अर्धी उठली. तेवढ्यात फाटक परत वाजलं, आणि ती तशीच थिजली.

आला तो वीजमीटर वाचणाऱ्यांचा निळा डगला घालून. दार त्यानं कसल्याशा बनावट चावीनं उघडायला घेतलं, पण ते उघडंच होतं. आत बघतो तर म्हातारी.

"कोण रे? मीटरवाला का?" आपा ओरडली. "बस. चहा टाकते."

तो बसला नाही. वळून त्यानं दाराला आतून कडी घातली. ती कडी लावण्याची रीत मी विसरणार नाही. सावकाश, आवाज होऊ न देता, बहिऱ्या माणसापुढे.

"आजी, दागिने कुठंयत?"

"हं?"

"दागिने. बांगड्या."

"साखर आहे की! डब्यात!"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. बैठकीवरची उशी उचलली आणि दोन्ही हातांत धरून आपाकडे एक पाऊल टाकलं. त्याला उशी कशासाठी हवी होती, ते मला आजही ठरवता येत नाही. कदाचित खाली काही आहे का बघत असेल. एजेनं मात्र ठरवून टाकलं. ती दार ढकलून अशी धावली, की तोलोगोनच्याही आधी पोचली. उशी हिसकली आणि आपाच्या पुढे उभी राहिली. मग तोलोगोननं त्याला खाली पाडला आणि त्याच्या पाठीवर बसला. कुणीच ओरडलं नाही. आपा तेवढी विचारत होती, "हे सगळे चहाला आलेत का?"

डगल्याच्या टोपीखालचा चेहरा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा होता. झानिश. कुबातच्या बायकोचा भाऊ. त्याच्या खिशात घड्या घातलेली चिठ्ठी निघाली. तिच्यावर एजेच्या घराचा पत्ता, हिरवं फाटक, आणि 'मंगळ, दुपारपर्यंत'.

दहा मिनिटं झाली नसतील, दार वाजलं; मी कडी काढली तर कुबात हजर. गणवेशात. श्वास न चढलेला.

"काय झालं, एजे? चोर पकडलात? शाबास. द्या माझ्या ताब्यात."

"तुला कुणी बोलावलं, बाळा?" एजेनं विचारलं.

"आरडाओरडा ऐकला."

"आम्ही ओरडलोच नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहरा तसाच शांत होता, फक्त डोळे आपाकडे जाऊन आले. मग त्यानं चिठ्ठीसाठी हात पुढे केला. ती सायराकुलच्या हातात होती. तिनं ती पोलक्यात खोचली. "घे. काढून घे. चल, सगळ्या गल्लीसमोर काढ."

फाटकाशी कॅप्टनची गाडी बघून गल्ली जमलीच होती. तोलोगोननं झानिशला खांद्यावर टाकून आपल्या ट्रकमध्ये नेलं आणि आम्ही साठ किलोमीटरवरच्या मोठ्या सरकारी वकिलाकडे निघालो. वाटेत दुकानातून घेतलेली नोंदवही मांडीवर घेऊन एजे पुढे बसली. मागच्या आरशात कुबातची पांढरी गाडी दिसत होती. साठ किलोमीटर ती आमच्या मागे होती. जवळ आली नाही, मागे राहिली नाही, दिवा दाखवला नाही.

झानिशला चार वर्षांची शिक्षा झाली. कुबातचं नाव त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं ते सांगता येत नाही, असं तज्ज्ञानं लिहून दिलं. कुबातची बदली शेजारच्या जिल्ह्यात झाली, हुद्दा तोच. सायराकुलची कानातली सापडली नाहीत. लेक तशीच सासरी गेली.

चौकशीत त्या शुक्रवारच्या कागदाचा विषय निघाला.

"ही कालिचाबाईंची नोंद खोटी आहे?" तपासणाऱ्यानं विचारलं.

"खोटी आहे," एजे म्हणाली.

"तुमच्या हातची?"

"माझ्याच."

नियम नियमच होता. दुकानाला दंड झाला आणि खोटी नोंद करणाऱ्या बाईला पुन्हा कुठल्याही गहाणाच्या दुकानात नोंदी लिहायला बंदी. कादिरकुल तिला सांगताना रडला, पण खुर्ची रिकामी करून घेतली. एजेनं घरी बसून जिल्ह्याला तीन अर्ज लिहिले: वही ठेवा, खुणा लिहा, चोर त्यानंच सापडतात, पण वस्तू सोडवणाऱ्यांचे पत्ते कागदावर पाठवू नका, पोलिसांना हवं तर दुकानात येऊन, सही करून बघू देत. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी मात्र छापील कागदातून पत्त्याचा रकाना गेला. आता त्या खुर्चीवर बसून मीच लिहितो.

गेल्या नोव्हेंबरात दुकानाचं दार उघडलं आणि कुबात आत आला. साध्या कपड्यांत. थोडा सुटलाय. काचेसमोर उभा राहून त्यानं ट्रेमधली घड्याळं बघितली.

"ओरमोन बाइके, बरे आहात ना?" त्यानं मोठ्या भावाला विचारावं तसं विचारलं. "एजे कुठं असते हल्ली?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

मी लगेच एजेला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"एजे, दार लावून घे. कुबात गावात आलाय."

"येऊन गेला," ती म्हणाली. "तासभर बसला. आपाला ओळख पटली नाही, तिनं मीटरवाला समजून चहा दिला. जर्दाळूचा मुरंबा आणि दोन पाव खाल्ले. तब्येत विचारली. मुलगी कधी येते विचारलं."

"आणि काय म्हणाला?"

"काहीच नाही."

"मग?"

"मग काय. गेला. मी कप धुतला."